ऊन दाखवणे

हॅलिफॅक्समध्ये सोफ्याला ऊन दाखवायचं नसतं,
हे मला ओलरनशॉनं सांगितलं.
मखमलीचा रंग उडतो, म्हणाला, धागा ठिसूळ होतो,
मे लागला की दक्षिणेचा पडदा अर्धा ओढून ठेवा.
मला हसू आलं.
इचलकरंजीत गाद्या गच्चीवर टाकून दुपारभर भाजायचो आम्ही,
ऊन खाल्लेली गादी रात्री पाठीला कळायची.
इथलं ऊन शाळा तपासायला आल्यासारखं येतं,
दहा मिनिटं,
आणि नेमकं बोट ठेवून जातं:
हातावरचा चहाचा डाग, फटीतलं शेंगदाण्याचं फोलपट,
मागच्या दिवाळीचा शेवेचा एक तुकडा.

डागावर घासायचं नाही. टिपायचं.
कडेकडून आत यायचं, गार पाण्यानं, पांढऱ्या फडक्यानं.
घासलं की डाग मोठा होतो
हे मला सासरी कोणी सांगितलं असतं
तर फार बरं झालं असतं.

जानेवारीत रेडिएटरपासून हातभर लांब.
भिंतीला टेकवायचा नाही, मागून वारा खेळला पाहिजे,
नाहीतर मार्चपर्यंत पाठीवर काळे ठिपके
आणि खोलीभर ओल्या पोत्याचा वास.
त्याच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत.
(घालते. मोजे फक्त.)

एप्रिलात कसर.
पिठूळ, तांदळाएवढी, दिव्याकडेही येत नाही,
उडते तेव्हा कुणाच्या अध्यातमध्यात नसल्यासारखी.
खातात ती तिची पोरं, खालच्या अंधारात, लोकर आणि केस.
म्हणून सोफा आडवा पाडून पोटाखालून व्हॅक्यूम,
शिवणीशिवणीतून, बारीक तोंड लावून,
आणि पिशवी त्याच दिवशी घराबाहेर.
कसर ठेवायची नाही, म्हणतो आपण.
ती राहते.

आणि वर्षभर, दर एक तारखेला,
डावी गादी उजवीकडे, उजवी डावीकडे, वरची बाजू खाली.
हे मी अकरा वर्षं केलं, पगारासारखं.
तरी खड्डा डावीकडेच.
गाद्या बदलल्या, तर खालचे पट्टे तिथेच सैलावले.

ओलरनशॉनं गुडघे टेकून हात आत घातला,
डॉक्टर पोट चाचपतात तसा,
आणि विचारलं, घरात एकटंच कुणी राहतं का?

नाही, म्हटलं. दोघं.

श्रीरंग रात्रपाळीला, टॉफीच्या कारखान्यात.
सकाळी सातला येतो, बूट काढतो, डावीकडे बसतो,
खिडकीतून उतार दिसतो, त्याच्या चिमण्या, त्याचं धुकं.
मी दातांच्या दवाखान्यातून सहाला येते,
तेव्हा तो डबा घेऊन निघालेला असतो.
मीही डावीकडेच बसते.
कधी कधी तिथे अजून कोमट असतं.
हे त्याला इंग्रजीत सांगता येईना.
मराठीत तरी कुठे कुणाला सांगितलं होतं.

सप्टेंबरात सोफा त्याच्या शेडमध्ये गेला.
मी बघायला गेले, माहेरवाशिणीला बघायला जावं तशी.
त्यानं घोड्याचे केस उपसून टेबलावर ढीग घातला होता
आणि बोटांनी एकेक गठ्ठा सोडवत होता, हळू, न बोलता.
मला पिंजाऱ्याची धनुकली ऐकू आली,
बोळातून येणारं ते एकच तंग तूण,
कापूस हवेत उडून पुन्हा कापूस होताना.
हिरव्या मखमलीखाली तपकिरी कापड निघालं,
तपकिरीखाली विटका गुलाबी फुलोरा.
कुणाकुणाच्या बसण्याची सालं.
फेकू का, त्यानं विचारलं.
मी गुलाबी तुकडा पर्समध्ये टाकला. उगाच.

नोव्हेंबरात तो परत आला, ताठ, नवा,
दोन्ही बाजूंनी सारखा.
पहिल्या रविवारी आम्ही दोघं एकत्र बसलो,
स्थळ बघायला आल्यासारखे, एकेका टोकाला,
मध्ये एक गादीभर सभ्यपणा.
चहा झाला. चार वाजता अंधार पडला.
श्रीरंग म्हणाला, इकडून उतार दिसत नाही,
आणि सरकला.

आज डिसेंबरची सहा तारीख.
गादी उलटायची राहिली आहे.
कसर म्हणा.