शेवटचं रीळ

एकच प्रिंट, दोन टॉकीजा.
बर्डीत सहाचा खेळ, इतवारीत पावणेसातचा.
मधे मी, आणि माझ्या सायकलच्या कॅरियरवर
जुन्या ट्यूबनं आवळलेले पत्र्याचे डबे.

मे महिना. संध्याकाळीही डांबर
चपलेला सोडत नसे.
डब्यात मात्र धुकं असायचं,
ओला फुटपाथ, वर केलेली ओव्हरकोटची कॉलर,
एका काडीचा उजेड आणि त्यात
अर्धाच चेहरा.
घामानं निथळत, लोखंडी पुलाखालून
मी कोणत्या तरी परक्या गावचा गारवा
वाहून नेत होतो.

इंग्रजी कोणाला यायचं?
तिसऱ्या रांगेत गुलाब गोटमारे बसायचा,
विडीचा वास आणि खणखणीत आवाज.
"तो म्हनते, वाटा टाक, नाहीतं गेला तू."
"अन् ते बाई काय म्हनून राहिली बे?"
"म्हनते, आता तरी सुदर."
निम्मं तो मनचंच सांगायचा.
चूक कधी निघाली नाही.

रंगीत खेळही लागायचे की. लोक जायचे,
बागा बघायचे, कारंजी बघायचे, परत यायचे.
याच्या सिनेमात बघायला फार नव्हतं:
हॅटची कड, नोटा मोजणारी बोटं,
भिंतीवर त्याच्याहून मोठी त्याची सावली.
दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
काळ्या ताण्यात पांढरा बाणा घालणारी आमची माणसं
चार आण्यात येऊन पुन्हा काळं-पांढरंच बघायची.
एकदा त्यानं मालकाच्या टेबलावर
बुटासकट पाय ठेवले,
तेव्हा माझ्या बापानंही
हळूच पाय उचलून खुर्चीवर घेतले.

परतताना वाद कोटाच्या रंगाचा.
सगळे रंगाऱ्यांच्या दारातले, कोणी हार मानेना.
राखी, म्हणायचा नंदनवारांचा लेक.
बाप म्हणायचा, निळा. एकदम गडद,
दोनदा बुडवलेला.

तो मरणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं,
तिकिटातच धरलेलं होतं ते.
बर्डीत पावणेआठला मरायचा,
इतवारीत साडेआठला.
मधल्या पाऊण तासात तो कुठे असायचा?
एका पडद्यावर पायरीवर पालथा,
दुसऱ्यावर अजून हॉटेलात, घड्याळ बघत.
आणि त्याचं मरण माझ्या पाठीमागे,
खड्डा आला की
डब्यात खडखडायचं.

एका शनिवारी कॉटन मार्केटपाशी उतरलो.
पंक्चर नव्हतं. मॅनेजरला पुढे तसं सांगितलं ते सोडा.
उसाचा रस घेतला, बिनबर्फाचा.
मग दुसरा, बर्फाचा.
डबा मांडीवर होता. पत्रा असा तापलेला
की ताप आलेलं पोर घेऊन बसल्यासारखं वाटलं.
रसवाल्यानं विचारलं, यात काय आहे?
मी म्हटलं, काही नाही, एक माणूस आहे.
बावीस मिनिटं बसलो.
तेवढंच माझ्या हातात होतं.

इतवारीत तोवर पडद्यावर
"कृपया थांबा" लिहिलेली काच.
शिट्ट्या, खुर्च्यांची बडवाबडवी,
कोणी तरी मशीनवाल्याच्या आईपर्यंत पोचलेला.
जिना चढताना मला गोटमारेचा आवाज आला:
"अबे थांबा ना!
जगून राहिला तं जगू द्या थोडा."
आणि हॉल खरंच गप्प झाला.

मग मी डबा दिला.

पायरीवर पडल्यावर तो काही तरी बोलला.
गोटमारेनं ते सांगितलं नाही.
कोणी विचारलंही नाही.
माझे दोन रुपये कापले गेले.

परवा नातवानं मोबाइलवर शोधून दिला,
अख्खा, सलग, पहिल्यांदाच.
"आजोबा, आता रंगीत केलाय बघा."
कोट तपकिरी निघाला.
मी म्हटलं, बंद कर.
"काहून? चांगला तं दिसून राहिला."
बंद कर म्हटलं ना.
निळा होता तो. दोनदा बुडवलेला.