तुकडे असतील तर

ग्रिम्सबीच्या मासळीबाजारात
माझे वडील पहाटे लिलाव पुकारायचे.
बर्फात आडवे कॉड, पेटीवर खडूने आकडा,
आणि एकदा हात वर झाला
की पेटी मागे घ्यायची नाही.
मागच्या दाराशी कुणी दुप्पट घेऊन उभा असला, तरी नाही.
"बोली म्हणजे बोली, ईनिड,"
असं म्हणताना त्यांना हमखास शिंक यायची,
त्यामुळे ते वाक्य
मला कधी उपदेशासारखं ऐकूच आलं नाही.

क्लिफर्ड गेला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात
मी त्याचा बॅरोमीटर विकायला काढला.
पितळी, जुन्या ट्रॉलरवरचा, काचेला खालच्या बाजूला एक चरा.
भाच्याने फोटो काढले, सात दिवसांची मुदत टाकली,
वीस पौंडांपासून सुरुवात.
चौथ्या दिवशी दोनशे बारा.

सगळ्यात वरच्या बोलीला नाव नव्हतं,
एक अक्षर, तीन फुल्या, शेवटी सात.
त्याने (की तिने?) एकदाच विचारलं होतं:
काचेवर टिचकी मारली तर काटा हलतो का?
मी उठून टिचकी मारली, परत येऊन लिहिलं:
हलतो. हळू मारा.

त्याच रात्री मिस्टर पल्फ्रींचा निरोप.
नऊशे, रोख, सकाळी गाडी घेऊन येतो,
पण लिलाव आत्ता बंद करा.
सगळेच करतात, बाई.
अजून विकलं गेलंय कुठे?
वस्तू तुमची, भिंत तुमची.

बॉयलर जानेवारीपासून खोकत होता, हे खरं.
पण बॉयलरचं कारण मला नंतर सुचलं.
त्या रात्री मला फक्त नवावरची दोन शून्यं दिसली.

लिलाव थांबवायचा तर कारण निवडावं लागतं.
छोटी यादी उघडते:
वस्तू हरवली.
वस्तू तुटली.
किंमत टाकताना चूक झाली.
"कुणीतरी जास्त देतोय" असं त्या यादीत कुठेच नव्हतं.
मी खालून वर, वरून खाली दोनदा पाहिलं.
मग तुटली म्हटलं.
हरवली म्हणवेना.
समोर भिंतीवर तो लटकत होता,
काटा "बदल" या शब्दावर.

सकाळी पल्फ्री आले, चहा नको म्हणाले,
नोटा फडताळावर ठेवल्या,
बॅरोमीटर घोंगडीत गुंडाळून नेला.
टिचकी मारून पाहिली नाही.

दुपारी एक निरोप आला.
एक अक्षर, तीन फुल्या, सात.
मला वाटलं, आता शिव्या.
काय उत्तर द्यायचं ते मी मनात जुळवूनही ठेवलं होतं:
नियमात बसतं, मुदत संपली नव्हती, माझी मर्जी.

लिहिलं होतं:
वाचून वाईट वाटलं. तुम्हाला लागलं तर नाही ना,
जुनी काच वाईट कापते.
तुकडे असतील तर टाकू नका.
निदान तबकडी मी घेईन,
टपालखर्च माझा.

जुळवून ठेवलेलं सगळं निरुपयोगी झालं.
शिवी असती तर मी जिंकले असते.

वडिलांच्या बाजारात माणूस समोर उभा असायचा,
ओल्या बुटांत, नाक लाल, हात वर.
त्याच्यासमोर पेटी मागे ओढायला
वेगळीच छाती लागली असती.
फुल्यांना मी तोंड दिलं नव्हतं.
आता त्या फुल्यांनी
माझ्या बोटांची चौकशी केली होती.

तीन दिवसांनी मी लिहिलं, तुटला नव्हता.
आणखी काही लिहून खोडलं,
बॉयलरबद्दलचंही,
आणि तेवढेच दोन शब्द पाठवले.

याला एकोणीस दिवस झाले.
उत्तर नाही, आणि का यावं?
भिंतीवर फिकट गोल राहिलाय,
सकाळी जाता-येता हात तिकडे जातो, मग खाली येतो.
नवा बॉयलर छान चालतो.
हेही सांगायलाच हवं.
घर उबदार आहे.