सरळ करून देऊ?

मे महिन्याची सतरा. मानेवाड्यात सेहेचाळीस अंश.
कूलर घरघरतो, पण फेकतो ती लूच.
इस्तारीभाऊ आले ते डोक्याला दुपट्टा बांधून,
खिशात कांदा,
खांद्यावर खसच्या तीन नव्या ताट्या.

जुन्या ओढून काढल्या. त्यांच्यावर
बोअरच्या पाण्याचा पांढरा थर.
स्क्रू-ड्रायव्हरनं टकटक केलं.
"हे तर दगड झालं, मॅडम."

दगडच तो. कॅल्शियमनं कार्बोनेटला असं धरलंय
की पाणी वरून येतं आणि वरूनच निघून जातं.
आम्लाशिवाय सुटायची नाही ही मिठी.
पण बोलले नाही.
सुट्टीत शिकवायचं नाही असं ठरवलंय.

टेबलावर माझे गोळे पडले होते,
एक लाल, दोन पांढरे, दोन काड्या.
रिपीटर बॅचच्या पोरांनी हाताळून कळकट केलेले.
त्यांनी उचलून उजेडात धरले.
"वाकलं हे. सरळ करून देऊ?"

अठरा वर्षं मी हाच प्रश्न पेपरात घालते,
उत्तराला दोन गुण.

सरळ केलं, इस्तारीभाऊ,
तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना खोडून टाकेल.
लाल गोळ्याचा लोभ
शेजारच्याला कळणारही नाही.
मग रेणू रेणूला हात देणार नाही,
आणि शून्याच्या किती तरी खाली
उकळून जाईल सगळं,
अंबाझरी, गोरेवाडा, कन्हानचा नळ,
तुमच्या सायकलला लटकलेली बाटली.

एवढंच म्हटलं, "राहू द्या. ते वाकडंच लागतं."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले
आणि पंख्यावर अंगठा फिरवला.
"हे पाहा. मांगच्या मिस्त्रीनं ठोकूठोकू सपाट केलं,
म्हणून हवा फेकून नाही राह्यलं.
पात्याले पीळ पायजे, बाप्पा.
नाही त नुसतं फिरते."

एकेक पातं मांडीवर धरून
त्यांनी पकडीनं पिळलं.
माप फक्त डोळ्याचं.
मी कोनमापक शोधायला उठले होते,
तशीच बसले.

पंप सुरू झाला. खस काळी पडत गेली.
आता इथून सुटायचं
तर प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांचे हात सोडवावे लागतात,
आणि त्याची किंमत तो या खोलीकडून घेतो:
भिंतीची थोडी धग, गादीची थोडी,
माझ्या मानेवरची थोडी.
जुलैत हाच कूलर अडगळ.
तेव्हा हवेतच दाटी, कुणाला जायला जागा नाही.

साडेतीनशे रुपये. चहा नको म्हणाले.
माठातले दोन गडवे पाणी
उभ्यानंच प्यायले, तोंड न लावता,
आणि निघताना गोळे जागेवर ठेवले,
वाकडेच, जरा जपून.

रात्री तीनला पंप कोरडा ओरडला.
टाकीत बोटभर उरलं होतं.
बाकी सगळं
हात सोडून निघून गेलं होतं
गच्च्यांवर झोपलेल्यांच्या अंगावरून,
रिंग रोडच्या दिशेनं.

मी बादली भरायला लावली.