जरा आत

रोडटच हवं असेल तर अडतीस, नेहेते म्हणाले,
जरा आत गेलं की एकतीस,
अजून आत, चोवीस.
त्यांची अंगठी सातबाऱ्यावर टकटक करत होती.
मी मनात विचारलं, त्याच्याही आत?
तिथे कापूस लागतो. तिथे अजून कोणी राहत नाही.

चार रविवार जळगावभर फिरलो,
लीलाधर, पुढे टाकीवर चिनू, मागे मी,
मांडीवर फाइल, फाइलीत तीन वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या.
पिंप्राळ्याचं घर मला फार आवडलं.
कडप्प्याचा ओटा, ओट्यावर सकाळचं ऊन.
हप्ता ऐकून लीलाधरने पाणी मागितलं
आणि पेला रिकामा झाला तरी ओठाला धरून ठेवला.

कुसुंब्याला भाव जमत होता.
पण जिन्यापासून खिडकीपर्यंत एक बारीक भेग,
रंगाच्या आतून दिसणारी.
आपली काळी माती उन्हाळ्यात अंग चोरते, पावसाळ्यात फुगते,
पाया उथळ असला की घरही तिच्यासोबत श्वास घेतं.
पुट्टी मारली की गेली ताई, नेहेते म्हणाले.
मी भेगेत नख घालून पाहिलं.
नख गेलं.

सासूबाई शिरपूरहून फोनवर एकच विचारतात,
पाणी शे का तठे?
खोल्या किती, दार कुठल्या दिशेला,
यातलं काही नाही.
पाणी शे का तठे, आणि फोन ठेवतात.

घरं सगळी दिवसा दाखवतात.
मी चटईच्या कंपनीत, माझी पाळी रात्री साडेनऊला सुटते.
म्हणून बुधवारी निमखेडी शिवारातलं ते चोवीसवालं
मी माझ्या वेळेला बघायला गेले, एकटी, मुद्दाम.
रिक्षावाला वळणावरच थांबला.
आत नाही येत, खड्डे आहेत.
मग मी, मोबाइलची बॅटरी,
आणि हातभर उजेडात माझ्याच चपला.
डाव्या हाताला कोणाचा तरी कुत्रा,
भुंकावं की नाही हे न ठरलेला.
मी मिनिटं मोजत होते. अकरा झाली.

एका अंगणात बाई पाइप धरून उभी होती,
बॅटरी टाकीत सोडलेली, पाणी खालून पिवळं चमकत होतं.
किती दिवसाआड येतं?
तीन. कधी चार. आणि येतं ते असं, रात्रीचं.
जरा धरता का? मोटर बघून येते.
मी धरला.
अनोळखी घराचं पाणी माझ्या हातातून
धडधडत टाकीत जात होतं,
डब्याची पिशवी खांद्यावरून घसरत होती.

तिचं नाव कोकिळाबाई. नवरा डाळमिलमध्ये.
परत येऊन तिने पाइप घेतला नाही लगेच.
तुम्ही ते कोपऱ्यातलं बघताय ना?
घ्या. दहा घरं झाली की खांब देतो म्हणतात,
दिव्याचा. सध्या आठ आहेत.
मग बोटांवर पुन्हा मोजली,
आठवं घर बंद असतं, ते पुण्याला राहतात,
ते धरायचं की नाही
यावर तिचं बोट थोडा वेळ अडलं.

स्वस्त का आहे, हे कोणी सांगत नव्हतं,
ते असं कळलं.

घरी आले तर चिनू झोपलेला,
लीलाधर कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला.
कसं आहे?
अंधार आहे, मी म्हटलं. भिंतीला भेग नाही.
नख लावून पाहिलं.
आणि त्याच्या कागदावर, व्याजाच्या खाली,
अकरा मिनिटं लिहिली,
शेजारी कंसात चिनूच्या पायांची सोळा.

मग सासूबाईंना फोन लावला, उशीर झाला होता तरी.
शे, मी म्हटलं. तीन दिवसाआड. रातले.
पलीकडे पंख्याचा आवाज.
मंग टाकी मोठी बांधा, त्या म्हणाल्या,
आणि पहिल्यांदाच विचारलं,
दार कोणती बाजूले शे?

मला आठवेना.
अंधारात मी फक्त कुलूप पाहिलं होतं.