भिजत घोंगडं

नेफ्ताली सांतियागोहून आला तो चार रंगांची कार्डं घेऊन.
आणि एक पद्धत.
आत्या, म्हणाला, तुझं डोकं म्हणजे खिळ्यांचा डबा झालाय,
उलटा कर एकदा टेबलावर.

केला.
दोन दिवस खिळे पडतच होते.
एकशे सदतीस कामं निघाली,
त्यातली होड्यांची जेमतेम साठ.
बाकीची कधी येऊन बसली कळलंच नाही:
करवतीला धार, देवळाच्या छपराच्या फळ्या,
होसेफिनाची परत न केलेली कढई,
सेगुंदोशी एकदा बोलायचं,
कशाबद्दल ते आठवेना.

शेडच्या भिंतीवर त्यानं खडूनं रकाने पाडले.
करायचं. करतेय. अडलंय. हातावेगळं.
खाली सोमवार ते शुक्रवार.
सुंदर दिसत होतं. मी चष्मा काढून, लावून पाहिलं.

सोमवारी तीन कार्डं पुढं सरकली.
मंगळवारी अमावास्या होती.
पाणी रुळांच्या वरपर्यंत आलं आणि
त्या आठवड्यात पुन्हा बुधवार असा आलाच नाही.
केइलेनमध्ये वार पाळतो तो फक्त पाद्री.

मग मी वार पुसले.
एका बाजूला लिहिलं उधाण: होड्या वर ओढणं, खाली सोडणं.
दुसऱ्या बाजूला भांग: पाणी लांब राहतं तेव्हा
तळाशी आडवं पडून सांधे भरणं.
एवढ्यानंच निम्मी कामं आपापल्या जागी गेली,
गुरं गोठ्यात जातात तशी, न हाकता.

पण कार्डं टिकेनात.
इथं भिंतसुद्धा ओली असते, शाईला पाय फुटतात.
"बार्रियाचं सुकाणू" वाहत जाऊन
"होसेफिनाची कढई"ला मिळालं.
तेव्हा सुरूच्या लाकडाचे तुकडे घेतले, रंध्याखालून सुटलेले,
कोळशानं लिहिलं, भोक पाडून खिळ्याला टांगलं.

आणि हातावेगळं हा रकाना म्हणजे चूल.
काम झालं की तुकडा आत.
पाच कामांत किटली उकळते.
आळसात घालवलेल्या दिवशी
चहा थंड प्यावा लागतो, तक्रार कोणाकडे करणार?

दोन मिनिटांचं काम लगेच उरकायचं, हा त्याचा नियम.
तो मी मोडते, रोज, मुद्दाम.
लाउतारो एक खिळा मागायला येतो.
खिळा द्यायला मी तास लावते.
तेवढ्यात तो माते पितो, गुडघ्याचं सांगतो,
आणि वारा कधी फिरणार तेही.
हे मला कुठल्या रकान्यातून मिळालं असतं?

काही तुकडे मात्र माझ्या एकटीचे नाहीत.
म्हाताऱ्या रेमोल्कोयचं घर टेकडीवरून खाली आणायचंय,
ओंडक्यांवरून ओढत, आख्खं, खिडक्यांच्या काचांसकट.
त्याला बैलांच्या आठ जोड्या, चाळीस माणसं,
आणि शेवटी सगळ्यांना पुरेल एवढा रस्सा.
आम्ही मिंगा म्हणतो. इर्जीकच ती.
तो तुकडा मी आत लावलाच नाही,
दाराबाहेर टांगला, रस्त्याकडे तोंड करून.
चौथ्या दिवशी कुणीतरी खाली लिहून गेलं:
बैल आहेत.

अडलंय मध्ये "दोन्या एमा" आहे.
मालक सामन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला गेला,
पैसे पाठवतो म्हणाला. तीन हिवाळे झाले.
होडीवर घोंगडी घातलीय, ती वाळत नाही,
खाली लाकूड कुजत नाही एवढंच.
नेफ्ताली म्हणतो, असं काम यादीतून काढून टाकायचं.
काढलं की यादी हलकी होईल, खरंय.
होडी कुठं जाईल?

यंदा हिवाळ्यात तो पुन्हा आला,
कार्डं न घेता.
नोकरीचं विचारलं तर म्हणाला, चाललंय.
दुपारी दुपारी झोपून राहायचा.
गेला तेव्हा उधाणाच्या बाजूला
एक नवा तुकडा दिसला, बारीक अक्षर, त्याचंच:
"आत्याला विचारायचं की"

पुढं काही नाही. कोळसा तुटला असेल.

परवा चुलीला लाकूड कमी पडलं.
हात त्या खिळ्यापर्यंत गेला,
मग मी उठून आपली खुर्चीची मोडकी पाठ घातली.