एक कप्पा की दोन

कोत्का बंदराच्या वरच्या अंगाला, चौथ्या मजल्यावर
हेल्वी आणि तूलिक्की राहतात.
सख्ख्या बहिणी. वयं मिळवली तर एकशे एकोणसाठ.
मी नळकाम करतो. मला बोलावलं होतं
जुनं सिंक काढून नवं बसवायला,
आणि नवं कुठलं, ते अजून ठरायचं होतं.

हेल्वी म्हणाली, दोन कप्प्यांचं.
एकात घासायचं, एकात विसळायचं,
साबणाचे घोट घशाखाली जाऊ नयेत एवढंच माझं म्हणणं.
तूलिक्की म्हणाली, एकच, पण ऐसपैस,
म्हणजे माझं घमेलं मावेल.

घमेलं प्लास्टिकचं, शेवाळी.
इंग्लंडातल्या हल गावाहून ती कायमची परत आली
तेव्हा एका बॅगेत कपडे होते
आणि दुसरीत हे, आत मोजे कोंबलेलं.
तिकडे चाळीस वर्षं ती अशीच भांडी घासत आली:
घमेलंभर कढत पाणी, वर फेस,
आधी ग्लास, मग चमचे, बशा, सगळ्यात शेवटी तवा,
आणि ताट फेसासकट उचलून सरळ जाळीवर.
विसळणं नाहीच.
फेस आपला आपण ओघळतो, ती म्हणाली,
चाळीस वर्षांत आमच्या घरी कोणी मेलं नाही.
मग थांबली.
हेल्वीही काही बोलली नाही.

सिंकच्या डोक्यावर कपाट, आमच्याकडे घरोघर असतं तसं,
तळाला फळी नाही, नुसत्या तारा.
ओल्या बशा उभ्या करून दार लोटायचं.
पाणी सावकाश खाली सिंकात उतरतं,
पुसायला फडकं नको, आल्यागेल्याला पसारा दिसायला नको.
हेल्वीच्या बशा डावीकडे, तूलिक्कीच्या उजवीकडे.
मधल्या दोन तारा रिकाम्या.
मी विचारलं नाही. विचारायचे पैसे मला मिळत नाहीत.

सिंकखाली उताणा शिरलो.
वाकडा पाइप उघडला की घर बोलायला लागतं:
बटाट्याची सालं, कॉफीचा चिखल, गोठलेली चरबी,
एका घरी लग्नाची अंगठी, एका घरी दाढ.
इथे निघाला चमचा, मिठाचा, करंगळीएवढा,
काळा पडलेला.
वरून दोघी एकदम म्हणाल्या, माझा.
आणि बऱ्याच वेळाने, कोणती ते खालून कळलं नाही,
आईचा.

माझ्या घरी भांडी धुणारं यंत्र आहे, मीच जोडलेलं.
मेर्वी सोडून गेली तेव्हापासून त्यात ओले हातमोजे वाळत घालतो.
एक ताट, एक काटा, त्यासाठी दोन तास गुरगुर कोण ऐकणार?
उभ्याने जेवतो, धारेखाली बोटांनीच चोळतो, झालं.
उन्हाळ्यात तळ्यावरच्या झोपडीत तर नळच नाही.
तिथे लेक घोट्याएवढ्या पाण्यात बसून वाळूने तवा घासते
आणि खरकट्याला बारके मासे तिच्या पायांशी येतात.
त्यांना कप्पे लागत नाहीत.

मी म्हटलं, दीड कप्प्याचंही येतं हल्ली.
एक मोठा, शेजारी एक छोटा.
दोघींनी माझ्याकडे पाहिलं,
आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं:
अर्धं कोणाचं?

जुनंच परत बसवलं. नवं रबर, नवी जाळी.
बिलात रबर आणि जाळी एवढंच लावलं.
मग कॉफी आली, वेलचीचा पाव आला,
बंदरावर क्रेन काहीतरी लाल उचलत होती.
कप रिकामे झाले तेव्हा दोघींपैकी कोणी उठेना,
म्हणून मीच उठलो.

घमेलं बाजूला सरकवलं नाही, भरलंही नाही.
तिन्ही कप घासले, कडेपासून तळापर्यंत.
हाताला फेस, हात नळाच्या चकतीवर,
आणि पाठीमागे
दोन खुर्च्या एकाच वेळी करकरल्या.