जमीन लागली

जाताना बोट लागेल म्हणून
आल्याच्या वड्या घेतल्या होत्या, दोन डबे.
बोट नाही लागली.
लागली ती जमीन,
इथे, बडोद्यात, दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेदोनला, ओट्याशी उभी असताना.

फरशी एकदा सुरसागराकडे कलते,
एकदा विश्वामित्रीकडे.
मी नळ धरून उभी.

किरीटभाईंची पांढरी मोटरबोट,
भर मे महिन्यात
घोघ्याहून दीव, आणि परत.
चार दिवस, अकरा माणसं.
त्यांची सून हेतल, तिचे जुळे,
आमची मृण्मयी, आणि तिचा नवरा,
जो जेवणाआधी जेवणाचे फोटो काढतो.
हे आणि किरीटभाई एका बाकावरचे;
पन्नास वर्षं झाली तरी एकमेकांना
‘अल्या’ म्हणतात.

सवजी तांडेलाने चढताना दोनच गोष्टी सांगितल्या.
चपला काढा,
आणि बोटीवर ‘बुडणं’ हा शब्द काढू नका.
सूर्यसुद्धा मावळला म्हणायचं.
सगळे हसले.
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं
आणि मी पाण्याकडे.

ह्यांच्या फंडाची सगळी रक्कम
नंदेसरीला, किरीटभाईंच्या कारखान्यात.
ऑगस्टपासून व्याज नाही.
तो शब्द आमच्या घरात
तसाही कुणी काढत नव्हतं.

किती सोपं झालं मग!
केसर कापले, पेटीच्या पेटी.
हिरवा चिवडा वाटीतून वाऱ्यानेच खाल्ला.
उन्हाने नाकाची सालं निघाली सगळ्यांच्या,
आणि किरीटभाई स्वतः वाढत होते,
आग्रह करकरून,
“भाभी, तुमच्या पुरणपोळ्यांचं ऋण आहे माझ्यावर.”
ऋण म्हणाले.
इंजिनाच्या आवाजात ह्यांना ऐकू आलं नाही.
किंवा आलं.

अलंगपाशी सवजीने वेग कमी केला.
किनाऱ्यावर आगबोटी,
नाक चिखलात खुपसून,
अर्ध्या कापलेल्या. आतले जिने उघडे,
कुठेच न जाणारे.
उंचावर एका खोलीचा गुलाबी रंग,
कुणीतरी हौसेने निवडलेला.
जुळ्यांतला एक म्हणाला, ह्यांचं दुखत नाही का?
कुणी उत्तर दिलं नाही.
किरीटभाई खूप वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, “हिच्यासाठीही गिऱ्हाईक बघतोय,”
आणि कठड्यावरून हात फिरवला,
बाजाराच्या आदल्या दिवशी
म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा.

त्या रात्री गोपनाथच्या बाजूला नांगर टाकला.
दोघं टपावर, पाठमोरे.
मला वाटलं, आता निघेल विषय.
कान देऊन पडून राहिले.
पारसनीस मास्तरांची नक्कल चालली होती.
हसता हसता खोकत होते दोघं,
आणि खाली पाणी, बोटीच्या पोटावर,
सारखं थापा मारत होतं.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही.
तारापूर चौकडीला चहा घेतला.
हे कप ठेवायला गेले
तर बशी जराशी बाजूला झाली, म्हणाले.
मी म्हटलं, चष्मा पुसा.

आणि आता ही फरशी.
मी पेलाभर पाणी ओतते,
ओट्यावर ठेवते,
वाकून डोळा त्याच्या पातळीला नेते.

आतून हे विचारतात,
म्हणजे जागेच आहेत,
“थांबलं का गं?”

पाणी तर हलतच नाहीये.

“थांबेल,” मी म्हणते.
आल्याची एक वडी तोंडात टाकते,
दुसरी त्यांना द्यायला निघते,
भिंत धरत धरत.